कप्तानाच्या बुटाची नाडी

आमच्या घरातला टीव्ही मेला तो रविवारी संध्याकाळी, बरोबर 'टिटवी' सुरू व्हायच्या तोंडावर. आईनं त्याच्या डोक्यावर दोन थापट्या मारून पाहिल्या, मी चार मारल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग तो छोटा डबा चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरले.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. मागच्या खोलीतून मात्र कडाक्याच्या भांडणाचा आवाज येत होता.

"व्रण डाव्या गालावर होता! मी या डोळ्यांनी पाहिलाय!"

"आणि आज उजव्या गालावर आहे. तेही मी याच डोळ्यांनी पाहतेय."

"म्हणजे आज आपण कप्तानाला आरशात पाहतोय," तिसरा आवाज म्हणाला. शांत होता, आणि हसरा. "यानाच्या भिंती चकचकीत आहेत की नाही? मग झालं तर. कॅमेरा भिंतीकडे होता. बसतंय."

मला राहवेना. मी दारावरचा पडदा बाजूला सारला. आतल्या टीव्हीवर 'टिटवी'च चालू होती. "मग भिंतीवरची अक्षरं उलटी का नाही दिसत?"

 जुन्या खोक्यांवर बसलेली तीन माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. तिसऱ्या आवाजाचा मालक खोक्यावरून उठला, त्यानं माझ्या हातातलं चादरीचं गाठोडं घेतलं आणि म्हणाला, "या, बसा. आमच्याकडे ठिगळं भरपूर आहेत. कात्रीच नव्हती."

तेव्हापासून मी कात्री झाले आणि तो ठिगळ. खरी नावं नंतर कळली, पण ती कधी वापरली गेलीच नाहीत.

'टिटवी' हे एका अंतराळयानाचं नाव. त्याचा कप्तान वाट चुकलेला, आणि इकडे पृथ्वीवर एक डॉक्टरीण त्याची वाट बघत असलेली. दर रविवारी एक भाग, अशी कित्येक वर्षं ती मालिका चालली. लिहिणारे बदलत गेले, आणि कोण मेलं नि कोण जगलं याचा त्यांना पत्ता राहिला नाही. अशी चूक आम्हाला सोसायची नाही. मागच्या खोलीत भाग संपला की न्यायालय भरायचं. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर न्यायाधीश. बेकरीवाल्या काकू म्हणजे जनता, खारी घेऊन यायच्या आणि प्रत्येकाच्या बाजूनं बोलायच्या. चूक पकडायची ती मी, आणि ती कथेच्या आतच कशी बसते हे पटवायचं ते त्यानं. दुकान त्याच्या थोरल्या भावाचं, तो दादा अधूनमधून डोकावून "झालं का वेड्यांनो?" एवढंच विचारायचा.

मास्तरांचा नियम एकच. पडद्यावर दिसलं ते घडलं. नुसतं कुणी बोललं, ते घडलंच असं नाही.

"स्वयंपाकी तर मागच्या महिन्यात मेला," मी म्हणायचे. "आज सूप कसं ढवळतोय?"

"मेला नव्हता. झोपला होता."

"छातीत भाला घेऊन?"

"काही लोकांना गाढ झोप लागते."

"मास्तर, यांना आवरा!"

"आरोप करणाऱ्यानं आरोपीकडे बघून हसू नये," मास्तर गंभीरपणे म्हणायचे, आणि मी ओठ आवळून धरायचे...

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे आणि स्वतः मध्ये बोलायचं नाही, हे माझं काम. आठवडाभर साठलेलं माझं बोलणं रविवारी त्या खोलीत सांडायचं, आणि ते झेलायला तो असायचा.

एकदा तो चहाचा ट्रे आणताना स्टुलाला अडखळला. कप वाचले, पण माझं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. नाडी सुटलेली, नेहमीसारखीच. मी खाली वाकले आणि बांधून दिली.

"दुनियेचे टीव्ही दुरुस्त करता," मी म्हटलं, "स्वतःची एक नाडी बांधता येत नाही?"

"येते ना." त्याचा आवाज खाली आला. "पण मग तुम्ही वाकला नसतात."

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या रविवारपासून आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. कधी, ते दोघांनाही कळलं नाही. काकूंना मात्र कळलं; त्यांनी खारीबरोबर माझ्यासाठी वेगळी नानकटाई आणली.

आता चुका पकडायची सवय लागली की ती मालिकेपुरती राहत नाही. मला त्याच्यातही चुका दिसू लागल्या. रविवारी माझ्याशी इतकं गोड बोलणारा माणूस बुधवारी बसथांब्यावर माझ्या अंगावरून सरळ निघून गेला. बाजूनं कप पुढे केला तर घेत नसे. समोरून केला की घेई. मला राग आला. मग मजा वाटली. मी त्याच्यावरच खटला भरला.

"आरोपी ठिगळ. एका भागात ओळख, दुसऱ्या भागात नाही. बसथांब्यावर मी हात हलवला, हाक मारणार होते, आणि हा माझ्या हाताखालून गेला. बसवा हे!"

"तो माझा जुळा भाऊ," तो तत्काळ म्हणाला.

"आणि कप न घेणारा?"

"तिसरा भाऊ. चहा पीत नाही."

काकू हसून हसून खोकू लागल्या. मास्तरही हसले. दारात उभा असलेला दादा मात्र हसला नाही. त्यानं एकदा धाकट्याकडे पाहिलं, आणि तो पुढे दुकानात निघून गेला.

माझं हसू तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी दुकानात गेले. तो एका उघड्या टीव्हीत जवळजवळ डोकं घालून डाग देत होता. खोलीभर जळका वास. तापलेली कांडी तारेला लागायच्या ऐवजी त्याच्या बोटाला लागली, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही, इतकी त्याला सवय झाली होती.

"काय झालंय तुझ्या डोळ्यांना?"

त्यानं कांडी खाली ठेवली. मग त्यानं शेजारचा एक जुना टीव्ही लावला, आणि बंद केला. चित्र चारी बाजूंनी आत आत ओढलं गेलं. मध्ये एक पांढरा ठिपका उरला.

"हे असं," तो म्हणाला. "कडेकडेनं जातंय. मधलं अजून आहे. अंधार पडला की तेही नसतं."

काचेवरचा ठिपका विझला.

"ट्यूब बदलता..." मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

"या मॉडेलची मिळत नाही बाजारात." तो हसला. माझ्यासाठी हसला, ते कळत होतं. "डॉक्टर म्हणतात, उपाय नाही."

"मग तू काहीतरी सांग ना. तुला नेहमी सुचतं. सांग ना, कसं बसवायचं हे?"

"नाही बसत, कात्री," तो म्हणाला. "मी पुष्कळ करून पाहिलं."

त्यानंतर रविवारी मी त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसू लागले. पडद्यावर काय चाललंय ते त्याच्या कानात सांगायचं. कप्तान वळला. खिडकीबाहेर लाल ग्रह. डॉक्टरणीनं केस कापलेत, शोभत नाहीत. तो मान हलवायचा. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला असायचा. मला त्या यानाशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं. भाग संपू नये, एवढंच वाटायचं. न्यायालय भरायचं, पण मी आरोप करायचे नाही. कोणत्या तोंडानं करणार?

पुढे त्याला मधलंही दिसेनासं झालं, आणि मग कळलं की मालिका संपणार आहे. आणि त्याच आठवड्यात दादानं सांगितलं की धाकटा दूरच्या शहरात अंधशाळेत जाणार आहे. बोटांनी वाचायला शिकायचं, आणि जमलं तर तिथंच शिकवायचं.

"शेवटचा भाग बघून जाणार," तो म्हणाला. "तू सांगशील ना?"

शेवटच्या भागातला शेवटचा प्रसंग मुका होता. संवाद नाही, संगीत नाही, फक्त वारा. 'टिटवी' एका मोकळ्या माळावर उतरली. डॉक्टरीण धावत आली आणि दारासमोर उभी राहिली. दार उघडलं नाही. ती उभी. उन्हं कलली, तरी ती उभी. मग ती वळली आणि एकटीच चालू लागली, आणि पडदा काळा झाला.

"काय होतंय?" त्यानं हळूच विचारलं. "नुसता वारा ऐकू येतोय."

मी त्याचा हात हातात घेतला. मी सांगू लागले.

"दार उघडलं... तो बाहेर आला. वाळलाय खूप. तिला बघून पायऱ्या चुकतोय. ती हसतेय. त्याच्या बुटाची नाडी सुटलीय... ती खाली वाकली. बांधतेय. आता त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला."

एका गालावरच्या व्रणावरून महिनाभर भांडणारी ती माणसं. त्यांनी सगळं ऐकलं. काकूंनी तोंडात रुमाल कोंबला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवलाच नाही. कुणीही मला खोडून काढलं नाही. त्या संध्याकाळी न्यायालय भरलं नाही.

मी त्याला बाहेर रस्त्यापर्यंत आणलं. दिव्याच्या खांबाला हात लागताच तो थांबला.

"कप्तानाच्या बुटांना नाड्या नाहीत, कात्री."

मी त्याची बाही धरली.

"पट्टे आहेत. रुंद, काळे. पहिल्या भागापासून. तूच एकदा बोलली होतीस, असले बूट घालून माणूस चालतो कसा म्हणून." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "तू चुकलीस. तू!"

"तू बसव की मग. तुझं काम आहे ते."

"ही एक चूक मला तशीच हवीय." त्यानं अंदाजानं हात पुढे केला, माझा गाल सापडला. "खरं काय झालं? ती उभीच राहिली ना?"

"मला घेऊन चल," मी म्हटलं. "मी येते तुझ्याबरोबर. सांगत जाईन तुला सगळं, रोज. माझं प्रेम आहे तुझ्यावर, एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं. आरशाच्या त्या खटल्यापासून कळतं. माझंही..." तो थांबला. "पण घरी तुझी आई आहे, तुझ्या पगारावर. आणि मी अजून स्वतःचा स्वतः रस्ता ओलांडू शकत नाही. तुला माळावर उभं करून जाणार नाही मी. थांबू नकोस. घरी जा."

"हा तुझा निकाल?"

"हो."

"मला मान्य नाही."

"मास्तरांकडे अपील कर," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही त्या खांबाखाली रडलो.

तो गेला. शहराचं नाव मला सांगायचं नाही अशी त्यानं दादाला शपथ घातली होती, आणि दादा शपथेचा पक्का निघाला. मी ओळखीच्या ऑपरेटरांना विचारून पाहिलं, गावोगावच्या शाळांना फोन जोडले. कुणी ठिगळ नावाच्या माणसाला ओळखत नव्हतं, आणि खरं नाव सांगितलं तरी सगळीकडून 'असं इथं कुणी नाही' हेच उत्तर येई; तशी त्यानंच ताकीद दिली असावी. काही वर्षांनी दुकान विकलं गेलं. मास्तर गेले, काकू गेल्या, आई गेली. लग्न केलं नाही मी. कुणी कारण विचारलं की सांगायचे, जमलं नाही.

परवा भाचीची लेक माझ्याकडे राहायला आली होती. कॉलेजात आहे. तासन् तास फोनमध्ये डोकं घालून कुणाशी तरी भांडत असते. परवाही भांडत होती.

"मावशीआजी, तुझ्या वेळची ती 'टिटवी' तू बघायचीस ना? तिच्यावरून आमच्या गटात युद्ध पेटलंय. काही लोक म्हणतात, शेवट वेगळा होता. पहिल्यांदा दाखवला तेव्हा दार उघडलं होतं, आणि नंतर तो तुकडा कापला."

हातातलं भाजीचं पातेलं मी ओट्यावर ठेवलं.

"आणि काय म्हणतात?"

"की तो बाहेर येतो आणि डॉक्टरीण खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधते. इतकं बारीक सांगतात ना! सगळे एकाच अंधशाळेतले जुने विद्यार्थी आहेत. त्यांचे एक सर होते, ते अख्खी मालिका तोंडी सांगायचे. भागामागून भाग, चुकांसकट. आणि शेवट दरवर्षी हाच."

"ते सर..."

"गेले. दोन वर्षं झाली बहुतेक. मुलांनी खूप छान लिहिलंय त्यांच्यावर." ती फोन सरकवत बोलत होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "पण हा शेवट खोटा आहे, मी सिद्धच केलं. कप्तानाच्या बुटांना नाड्या नव्हत्याच! पट्टे होते, प्रत्येक भागात. आता बोला म्हटलं!"

मी खुर्चीवर बसले.

"लिही," मी म्हणाले.

"काय?"

"पट्ट्याचे बूट त्या पाण्याच्या ग्रहावर कुजले. आठवतंय? गुडघाभर पाण्यात चालत होता तो. त्यानंतर त्याचे पाय कधी दाखवलेच नाहीत, हवं तर तपासून बघ. यानाच्या कोठारात मेलेल्या स्वयंपाक्याचे बूट होते. नाडीचे. तेच घालून तो उतरला."

ती टाइप करता करता थांबली. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागली. अगदी माझ्यावर गेलीय.

"मावशीआजी, हे तू आत्ता जुळवलंस."

"बसतंय की नाही, ते सांग."

तिनं फोनवर जुने भाग मागे-पुढे करून पाहिले. बराच वेळ पाहिलं.

"बसतंय ग," ती म्हणाली. "खरंच बसतंय... मावशीआजी? अग, काय झालं?"