गढच्या गंगेतली टकटक

वृंदाची तऱ्हाच न्यारी! सुट्टीच्या दिवशी दिल्लीतलं सगळं लक्ष्मीबाई नगर सरोजिनीच्या बाजारात लोटतं. ही मात्र सरकारी क्वार्टरमधून निघून गढमुक्तेश्वर गाठणार, गंगेत माइक सोडणार आणि डॉल्फिनच्या गप्पा टेप करत ऐकत बसणार. हे खूळ तिच्या बाबांचं, दिनकररावांचं. मागच्या पावसाळ्यात ते गेले, खूळ लेकीला देऊन. घरची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. दारावर दोन टकटक संथ आणि तिसरी झटकन. की आतून वृंदाची आई प्रभाताई, पोळी तव्यावर असली तरी, ओरडणार, "आले हो!"

त्या पौषातल्या दुपारी पलीकडचा काठ दिसेना असं धुकं होतं. सोबत अविनाश, ऑफिसातला जोडीदार. पाणी ओसरलं होतं आणि डॉल्फिनचं एक पिल्लू वाळूच्या पट्ट्यामागे उथळात अडकलं होतं. बाहेर त्याची आई नि बाकीचे घिरट्या घालत होते. बिचारे डोळ्यांनी आंधळेच. स्वतःच्या टिकटिकीवर वाट काढणारे. पाणी आणखी उतरलं की पिल्लू संपलं, आणि खोल वाट कुठे ते कुणालाच सापडेना.

हेडफोनमध्ये आवाज आला. टक... टक... टक्!

"अविनाश, नाव ठोकू नकोस ना यार..."

"मी? माझ्या दोन्ही हातांत वल्ही आहेत..."

धुक्यातून तपकिरीचा वास आला. बाबांच्या तपकिरीचा. पुन्हा तीच टकटक, पाण्याखालून, डावीकडून... वृंदाने हेडफोन भिरकावला आणि नावेच्या काठावर ओणवी झाली. पिल्लू गर्रकन वळलं, डावीकडे सुटलं. तिथे चिंचोळी खोल वाट होती! पलीकडून आई धावली, तिने पिल्लाला पाठीवर तोललं, बाकीच्यांनी दोघांना मध्ये घेतलं. वृंदा रडत-हसत टाळ्या पिटू लागली, आणि आनंदाच्या भरात अविनाशने एक वल्हं गंगार्पण केलं.

दिवेलागणीला घरी गरम थालीपिठं होती.

"दुपारी गंमतच झाली गं," प्रभाताई म्हणाल्या. "दारावर टकटक, अगदी ह्यांची. सवयीने 'आले हो' म्हणून बसले. कडी काढली, तर कुणी नाही. पण मेली भीती नाही वाटली, हसूच आलं."

वृंदाने घास ताटात ठेवला. तिने दुपारची टेप लावली. डॉल्फिनची टिकटिक. मग टक... टक... टक्. सगळी टिकटिक थांबली. आणि गंगेच्या पाण्याखालून, तव्यावरच्या चरचरीसकट, स्वच्छ आवाज आला,

"आले हो!"

मागोमाग कडी काढल्याचा.