निरीक्षक किती?

पटो अगर न पटो, यात माझ्या पदरचं काहीच नाही. गेल्या हिवाळ्यातला रविवार. सकाळचे सात. गावाबाहेरचा तलाव.

आणि माझा मामा. एकटाच.

दर हिवाळ्यात तिथे पक्षीगणना असते. एकोणीस वर्षं ती मामा-मामीच करायचे. मामा दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचा, मामी तो मोठ्याने परत म्हणून वहीत लिहायची. त्याचं चुकलं की तिथल्या तिथे कान धरायची. मोजण्यात ती स्वतः कधीच चुकली नाही.

त्या रविवारच्या दोनच महिने आधी ती गेली होती. मामा रडला नाही. आतून दगड झाला होता. एवढंच म्हणायचा, "तिचा आवाजच आठवत नाही गं."

त्या दिवशी लिहायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. धुकं होतं, बोटं बधिर झाली होती. तो एकेक आकडा बोलायचा आणि सवयीने थांबायचा...

दुपारी आमच्याकडे आला. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. "मी लावतो, तू लिही."

"राखी बगळे, चार."

शांतता.

"थापट्या बदकं, अकरा."

शांतता. आणि त्या शांततेत... वहीचं पान उलटल्याचा आवाज.

मामाने वही नेलीच नव्हती.

"चक्रवाक, सव्वीस."

मग... अगदी फोनजवळून...

"सत्तावीस. एक झोपलाय बघ."

माझ्या हातातलं पेन गळून पडलं. मामीचाच आवाज होता तो.

मामाने सकाळी तलावावर काढलेला थव्याचा फोटो मोठा करून मोजला. गवताआड एक चक्रवाक होता, मान पंखात घालून झोपलेला.

"सत्तावीस लिही," तो म्हणाला. डोळ्यांत टिपूस नाही.

गणनेच्या फॉर्मवर शेवटी लिहावं लागतं, निरीक्षक किती. रेकॉर्डिंगमध्ये मामा सवयीने म्हणाला, "निरीक्षक, दोन." मग घसा खाकरून, "नाही... एक."

बराच वेळ काहीच नाही.

मग मामी म्हणाली, "तीन."

मामाने पेन उचललं आणि तीन लिहिलं.

आता रोज सकाळी चहा घेताना तो ते रेकॉर्डिंग लावतो. आवाज सापडला, त्याला तेवढं पुरतं.

मला नाही पुरत. यंदाचा फॉर्म परवा आलाय, मामा म्हणतो तू चल लिहायला. मी अजून हो म्हटलेलं नाही. एक मामा, एक मामी... पुढे मोजायला मला कोणी सापडत नाही.

आणि मामी मोजण्यात कधीच चुकली नाही.