खाणीच्या तळ्यातली मैनावती

खरं माना म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. हे माझ्या सख्ख्या आतेभावाच्या, विश्वजीतच्या बाबतीत घडलंय. हे सांगताना त्याने दोनदा उठून दाराची कडी तपासली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या डिसेंबरातला एक रविवार. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून कोन गावाकडे जाताना रस्त्यापासून बरीच आत एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्यात पाणी साचून मोठं तळं झालंय.

वेळ संध्याकाळची. ऊन अजून कड्यावर होतं.

रात्रसुद्धा नव्हती हो. तेच तर...

आधी विश्वजीतबद्दल सांगतो. राहतो नवीन पनवेलला, नोकरी बेलापूरला, आणि उरलेला सगळा जीव बोटींत. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटी तो घरी बनवायचा. त्यांना कुणी खेळणी म्हटलं की साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. खऱ्या बोटीच्या विसाव्या हिश्श्याचं मॉडेल, फळीला फळी, दोराला दोर. गॅलरीत भुसा आणि वॉर्निशचा वास. त्याची बायको रोशनी म्हणायची, "माझा वाढदिवस विसरतो, पण कुठल्या ट्रॉलरला किती खिडक्या ते झोपेत सांगेल."

त्याचे दोन हट्ट होते. फोटोत जे दिसतं ते मॉडेलवर आलंच पाहिजे. फाटका टायर लटकत असेल, तर फाटका टायर. आणि पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय बोट कुणाच्या हातात द्यायची नाही.

या दोन हट्टांनीच घात केला.

त्याचा मित्र कल्पेश. मूळचा करंजा गावचा कोळी, आता पनवेलच्या कोळीवाड्यात आईबरोबर राहतो आणि बंदरात क्रेन चालवतो. त्याच्या वडिलांची, काशिरामची मासेमारीची बोट होती. बायकोच्या नावावरून बोटीचं नाव ठेवलं होतं, 'मैनावती'.

बऱ्याच वर्षांपूर्वी काशिराम आणि त्याचे तीन खलाशी त्या बोटीतून समुद्रावर गेले. हवा स्वच्छ होती.

परत कुणीच आलं नाही. बोट नाही, माणसं नाहीत, एक फळीसुद्धा नाही.

कल्पेशही त्या फेरीला जायचा होता. पण ऐन वेळी बंदरातल्या नोकरीचं बोलावणं आलं आणि तो मागे राहिला. त्यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. काशिराम पोराशी न बोलताच बोटीवर चढला.

मैनामावशीने, म्हणजे कल्पेशच्या आईने, नवरा गेला हे कधी मानलंच नाही. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डाव्या हातात हिरव्या बांगड्या. उजवा हात मोकळा. कोळणींची जुनी रीत आहे ती. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या, माझ्या नवऱ्याला सांभाळ म्हणून. मावशी म्हणायची, "दर्यानं माज्या बांगड्या घेतल्यान. तो मना फसवनार नाय."

दाराची कडी वाजली की हातातलं काम टाकून धावायची बिचारी.

तर कल्पेश एक जुना फोटो घेऊन विश्वजीतकडे आला. "विश्वा, ही बोट बनवून दे रे. आयेच्या डोळ्यांसमोर राहील."

पावसाळाभर विश्वजीत तिच्यामागे होता. फोटोत बोटीवर पाच माणसं होती. काशिराम, तीन खलाशी, आणि पुढच्या टोकाला दात काढून हसणारा तरणा कल्पेश. विश्वजीतने पाचही माणसं लाकडात कोरली. प्रत्येकाच्या पायात पितळी तार घालून ती डेकमधून खाली नेली आणि गोंदाने पक्की केली.

बोट तयार झाली तेव्हा मावशी बघायला आली. काशिरामच्या बाहुलीच्या गालावरून तिने बोट फिरवलं. डोळे भरले होते तिचे. मग नजर पुढच्या टोकाला गेली.

"यो कोन?"

"कल्पेश, मावशी. फोटोत आहे ना."

"फोटोत हाय. पन ती गेली तवा यो बोटीव नव्हता." मावशीचा आवाज एकदम कोरडा झाला. "माज्या पोराला खाली उतरव."

"उतरवतो."

"आनि पान्यान घालू नको तिला. जी बोट घरी आली नाय, ती आमी दुसऱ्या पान्यान घालत नाय."

विश्वजीतने मान डोलावली. पण तार उपटली असती तर डेक चिरलं असतं. एवढ्या महिन्यांचं काम! म्हणाला, आधी एक फेरी मारू, मग निवांत तार कापू. कल्पेशलाही उत्साह. "आयेला कशाला सांगायचं?" तो म्हणाला.

आणि त्या रविवारी दोघं खाणीवर गेले.

पाणी अगदी शांत होतं. वर हायवेवर ट्रकांची घरघर सतत चालू होती. विश्वजीतने घरीच टबात बोट तरंगवून, तळाशी शिशाचे छर्रे भरून तिचं वजन बसवलं होतं. खालचा भाग लाल, वर पांढरी रेघ. पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत आलं पाहिजे.

आलं. बरोबर रेघेपर्यंत.

आधी रिमोट चालू, मग बोटीचं बटण. ती निघाली. आतल्या मोटरची बारीक गुणगुण ऐकू येत होती. कल्पेश काठावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाबा असंच वळण घ्यायचे."

बोट तळ्याच्या मधोमध पोचली.

आणि डावीकडे कलली...

वारा नव्हता. लाट नव्हती. पाण्यातून कुणी कठडा धरून वर चढावं तशी ती कलली आणि पुन्हा सरळ झाली.

पांढरी रेघ आता पाण्याखाली होती.

"पाणी शिरतंय," विश्वजीत म्हणाला. त्याने बोट घाईघाईने काठाला आणली, उचलली, झाकण काढलं. गळती कळावी म्हणून आत टिश्यू पेपर ठेवलेला असतो. तो खडखडीत कोरडा होता. बोट हाताला नेहमीइतकीच हलकी लागत होती.

त्याने ती परत पाण्यात ठेवली.

ती पुन्हा तेवढीच खाली बसली...

"विश्वा," कल्पेश हळूच म्हणाला, "तू चालवतोयस ना?"

विश्वजीतचा अंगठा रिमोटवर नव्हता. बोट आपली आपण तळ्याच्या मध्याकडे निघाली होती. मागे पाण्यावर रेघ उमटत नव्हती. एवढीशी लहरसुद्धा नाही.

मध्यावर ती पुन्हा कलली. दुसऱ्यांदा.

थोड्या वेळाने तिसऱ्यांदा.

आता पाणी डेकच्या कडेला टेकत आलं होतं. काय चाललंय ते विश्वजीतला न सांगता कळलं होतं. तो चौथ्याची वाट बघत राहिला.

चौथ्यांदा बोट कललीच नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ट्रकांचा आवाज येत नव्हता. कधी थांबला, देव जाणे. हायवे जणू तिथे नव्हताच. आणि त्या शांततेत पाण्यावरून आवाज यायला लागला...

टक... टक... टक... टक...

डिझेल इंजिनाचा आवाज. हातभर लांबीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या बोटीतून.

"बाबांचं इंजिन," कल्पेश म्हणाला.

विश्वजीतने रिमोट बंद केला. सिग्नल गेला की मोटर थांबते, तशी सोय त्यानेच करून ठेवली होती. बोट थांबली नाही. तिने तोंड वळवलं आणि सरळ कल्पेशच्या दिशेने आली. काठापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. एका बाजूला कललेली, तशीच स्थिर. कुणाला चढवून घ्यायचं असलं की धरतात तशी.

कल्पेशने पायातल्या चपला काढल्या.

"अरे, कुठे चाललास?"

"थांबलेत रे माझ्यासाठी. मी भांडलो, तेव्हापास्नं थांबलेत."

तो पाण्यात उतरला. खाणीच्या काठाला पाण्याखाली जेमतेम चार पावलं उतरता दगड असतो. पुढे सरळ कडा, आणि खाली किती पाणी ते कुणालाच ठाऊक नाही. विश्वजीतने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. कल्पेश झटापट करत नव्हता, ओरडत नव्हता. नुसता पुढे जात होता. विश्वजीतचे पाय शेवाळावरून घसरत होते. पाणी छातीला लागलं.

"कल्पेश! ए कल्पेश!"

तो ऐकतच नव्हता.

तेवढ्यात वरच्या वाटेवरून खडी घसरल्याचा आवाज आला. मैनामावशी धावत खाली येत होती. कल्पेश फोन उचलत नाही म्हणून तिने रोशनीला फोन केला होता, आणि रोशनी सहज बोलून गेली होती, ते बोट चालवायला खाणीवर गेलेत. मावशी रिक्षा करून तशीच आली होती.

तिने बोट पाहिली. पोराला पाहिलं. ती किंचाळली नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. आणि जिने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, तिने हाक मारली.

"काशिराम!"

टकटक थांबली.

"मी तुजी वाट बघितली. लोका मना येडी बोलली, तरी बघितली. आता नाय बघत. तू मेलास. मी मानला. ऐकतोस ना? तू मेलास, काशिराम. माज्या पोराला सोड."

आणि ती डाव्या हातातल्या बांगड्या काढायला लागली. वर्षानुवर्षं हातात रुतलेल्या त्या. निघेनात. ती ओढत राहिली, मनगटावरून रक्त आलं, तरी ओढत राहिली.

विश्वजीतच्या ओठांवर शब्द आले होते. मावशी, थांबा.

कारण त्याने पाहिलं होतं. चौघं गेले होते, आणि त्या पाण्यातून तिघंच चढले होते. चौथा आलाच नव्हता. तो चौथा कोण? जर तो काशिराम असेल, तर ही बाई बांगड्या कुणासाठी काढतेय? आणि काशिराम... तो मग जिवंत असेल, तर कुठे आहे?

पण कल्पेशच्या गळ्याशी पाणी आलं होतं. विश्वजीतच्या हातांतलं बळ संपत आलं होतं.

तो गप्प राहिला.

मावशीने बांगड्या पाण्यात टाकल्या. पडल्याचा आवाज आला नाही.

कल्पेशचं अंग एकदम सैल पडलं. दोघं मागच्या मागे कोसळले. कानठळ्या बसवणारा एक हॉर्न वाजला. हायवे पुन्हा जागेवर आला होता.

बोट सरळ झाली. मध्यावर गेली. आणि शांतपणे खाली बसत गेली... डेक, केबिन, डोलकाठी. बुडबुडा नाही की काही नाही.

कल्पेशला चपला काढल्यापर्यंतचं आठवतं, पुढचं काही नाही. नंतर पट्टीच्या दोन पोहणाऱ्यांनी जमेल तेवढं खाली जाऊन पाहिलं. बोट मिळाली नाही. विश्वजीतने सगळी हत्यारं, सगळी मॉडेलं देऊन टाकली. आता त्या गॅलरीत रोशनी कपडे वाळत घालते.

शिमग्याला विश्वजीत कोळीवाड्यात गेला होता. मावशीचं कपाळ मोकळं, दोन्ही हात मोकळे. तिने त्याला भाकरी आणि पापलेटचं कालवण वाढलं. कल्पेश बाहेर गेल्यावर समोर येऊन बसली.

"पोरा, तू पयल्यापास्नं होतास तितं. खरा सांग. ते होते ना बोटीत?"

विश्वजीत म्हणाला, "होते, मावशी."

"बरा झाला," ती म्हणाली. "मंग मी काय वावगा केला नाय."

तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या ताटात अजून एक तुकडी वाढली. विश्वजीतने ती तशीच ताटात ठेवून हात धुतला.

हे सगळं त्याने मला आता, परवा सांगितलं. कारण परवा कल्पेशचा फोन आला होता. सहज गप्पा मारता मारता तो म्हणाला, हल्ली संध्याकाळी घराची कडी वाजते. हळू वाजते, पण बराच वेळ. तो उघडायला उठला की आई त्याचा हात धरून खाली बसवते.

"वारा हाय," ती म्हणते. "आपला कोन येनारा नाय आता."

दार अजून कुणी उघडलेलं नाही.