जाणकाराचे दावे

बाईंकडे आलेली मुलगी आहारतज्ज्ञ होती. फोन हातातून सोडायला तयार नव्हती.

"'जाणकार' म्हणून कुणीतरी माझ्या पानावर थापा लिहितंय. हा रस प्या, साखर उतरेल. ही बिस्किटं खा, जेवायची गरज नाही. पोरांना ते खरं वाटतं. सोमवारपर्यंत हा कोण ते कळलं नाही, तर कॉलेज माझे वर्ग बंद करणार."

बाई पूर्वी पोस्टात होत्या, आता खासगी तपास करत. सोबत शेजारचे ड्रॉइंगमास्तर. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश.

"तुम्ही उत्तर देता?" बाईंनी विचारलं.

"थापांना सविस्तर. कौतुक करणाऱ्यांना नुसता अंगठा. वेळ कुठाय?"

"मग तो वाद घालतो?"

"छे. 'बरं, समजलं' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटाचा फोटो टाकून नवी थाप. रविवारी तेवढी सुट्टी."

"रविवारी तुम्ही काय करता?"

"धुणं, इस्त्री, बाबांना फोन. आई गेल्यापासून ते जुन्या घरी एकटेच असतात."

मास्तरांनी फोटो पाहिले. पाकिटं सगळी न फोडलेली. मागची बारीक अक्षरं मध्ये टपोरी, कडेला वाकलेली.

"कॅमेरा बिघडलाय," मास्तरांनी निकाल दिला.

मुलीने ज्याची ताकदीची पावडर खोटी ठरवली होती, तो दुकानदार आधीच वैतागलेला होता. "तिने माझा धंदा बसवला, हो. पण थापा मारायच्याच तर माझ्या पावडरीच्या मारीन ना?"

पूर्वी तिच्यासोबत व्हिडिओ करणारी मैत्रीण खाली बघत म्हणाली, "आमचं भांडण झालं. तेव्हापासून मी तिचं पान उघडत नाही. बघवत नाही."

शनिवारी बाई मुलीला आणि मास्तरांना घेऊन तिच्या बाबांकडे गेल्या. टेबलावर वर्तमानपत्र होतं, त्यावर भिंग. मास्तर बसायला जागा शोधत होते. एकच खुर्ची होती.

"विकणारा असता तर भांडला असता," बाई म्हणाल्या. "बदनामी करणारा 'समजलं' म्हणत नाही. याला तुमचं उत्तरच हवं होतं. तरुण माणूस फोटो बोटांनी मोठा करतो, याने भिंगातून काढला. पाकीट फोडत नाही, म्हणजे दाव्यावर याचाही विश्वास नाही. आणि ज्या दिवशी तुमचा फोन येतो, त्या दिवशी याला लिहावं लागत नाही."

मास्तरांना आता कुठे उमगलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"आधी मी माझ्या नावाने चांगलंच लिहायचो," बाबा म्हणाले. "तू अंगठा पाठवायचीस. एकदा चुकीचं लिहिलं, तर तू अकरा ओळी लिहिल्यास. शेवटी 'काळजी घ्या' होतं."

"पोरं ते वाचून जेवण सोडतात, बाबा."

"तू खोडून काढलंस की मिटलं, असं वाटलं गं मला."

सोमवारी कॉलेजात तिला स्वतःच्या बापाचं नाव सांगावं लागणार होतं. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. जगाला दिवसभर विचारायचा प्रश्न तिने या घरात कधीच विचारला नव्हता.

"आज दुपारी काय खाल्लंत?"

बाबा बराच वेळ आठवत राहिले.