मंगळवारी पुसलेला आवाज

"वरद, लगेच ये. ती गेली," फोनवर सिद्धलिंगप्पा म्हणाले.

वरद गोंधळला. त्यांच्या पत्नीला, हेमावतीकाकूंना, जाऊन तर पाच महिने झाले होते.

घरात पोचल्यावर उलगडा झाला. या दुमजली घरातलं इंटरनेटचं जाळं वरदनेच विणलं होतं. तळमजल्यावर मुख्य राऊटर आणि सर्व्हर म्हणून चालणारा जुना संगणक, दोन्ही इन्व्हर्टरवर. वरच्या मजल्यावर छोटं राऊटर, साध्या प्लगवर. आजारपणात काकूंनी रेकॉर्ड करून ठेवलेले चौसष्ट निरोप त्या सर्व्हरवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. सकाळी पूजेनंतर ते ऐकल्याखेरीज सिद्धलिंगप्पा घास घेत नसत. आठ दिवस ते अक्कलकोटला भावाकडे होते. काल परतले, तर फोल्डर रिकामं. तेव्हापासून ते अन्नाला शिवले नव्हते.

सर्व्हरवरची नोंद सरळ होती: गेला मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं. पुसणाऱ्याचं नाव, 'घर'.

सगळेच त्या नावाने आत शिरत. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ, असं वरदने सुचवलं होतं. "एका घरात इतकी कुलपं कशाला?" म्हणून अण्णांनीच, म्हणजे सिद्धलिंगप्पांनीच, नकार दिला होता.

वरदने आधी सुनेला, काव्याला विचारलं.

"वहिनी, मंगळवारी अकराच्या सुमारास कुठे होतात?"

"खाली, स्वयंपाकघरात. शेंगाचटणी कुटत होते की."

"मिक्सर असताना?"

"दर मंगळवारी दहा ते एक लाईट जाते. इन्व्हर्टरवर मिक्सर कुठं चालतोय? तुम्हीच येऊन कुटा एकदा, दंड भरून येतात का बघा!" ती हसली, मग सासऱ्यांकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "रोज तेच तेच ऐकून मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण मामांचा घास मी कशाला तोडीन?"

मुलगा मल्लिकार्जुन जिन्यातच उभा होता.

"दादा, तुम्ही?"

"वर. ऑफिसची मीटिंग होती, अकरा ते बारा."

"मध्ये तुटली?"

"न्हाय. सलग."

"मोबाइलच्या नेटवर?"

"वर रेंज कुठं हाय? घरचंच नेट. आता काय पोलीस झालास व्हय रे?"

वरदने नजर खाली वळवली. माणसांपेक्षा तारांशी बोलणं त्याला नेहमीच सोपं गेलं होतं.

"त्या वेळी वीज नव्हती, दादा. वरचं राऊटर बंद होतं. एक तर मीटिंग झालीच नाही, नाहीतर तुम्ही खाली होता. पुसणाऱ्याला खालीच यावं लागलं. तेवढं खालचंच जाळं जिवंत होतं. खलबत्त्याच्या आवाजात वहिनींना पावलं ऐकू आली नाहीत. वहिनींनी आपली जागा खरी सांगितली. तुम्ही लपवलीत."

मल्लिकार्जुन पायरीवर बसला.

"शेवटचे अकरा निरोप माझ्या नावाचे होते," तो म्हणाला. "'मल्लू, यावाग बर्ती?' कधी येतोस, कधी येतोस. मी पुण्यात रजेचे अर्ज लिहीत बसलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णा रोज सकाळी तेच लावायचे. मला ऐकवायला."

सिद्धलिंगप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता.

"ती काय बोलतीय, ते मी ऐकतच नव्हतो रे," ते म्हणाले. "नुसता आवाज ऐकत होतो."

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते डिस्कवर तसंच राहतं. वरदने तासभर शोध घेतला. मग त्याचे हात थांबले. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण त्याने स्वतःच याच डिस्कवर सोडलं होतं. मंगळवारपासून ते काकूंच्या निरोपांच्या जागेवरच अखंड लिहिलं जात होतं.

"तिच्या जागी आता काय हाय?"

"फाटक, अण्णा."

"लाव."

पडद्यावर पांढरंफटक ऊन, बंद फाटक, कोपऱ्यात सरकणारे तास. सिद्धलिंगप्पांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस, मल्लू."

तो बसला. दोघे पाहत राहिले. फाटकाशी कोणीच येत नव्हतं.