दादांच्या गाडीतलं डिझेल

नळी देतो की. नळीला कुठे नाही म्हणतोय? कॅनमधलं डिझेल गाडीत घालायचं, पहाटे निघायचं, सगळं ठाऊक आहे मला. तुम्ही गाडी लावत होतात तेव्हा मी गच्चीतच होतो. पण नळीचं टोक तोंडात धरून ओढणार असाल, तर या घरातून नळी मिळणार नाही. हसू नकोस. बसा जरा सगळे. चपला घालूनच आत आलात, ते एक असो.

ही गोष्ट माझी नाही, चाख्या मिस्त्रीची आहे. मी नुसता शेजारी उभा होतो. तुमची काकू म्हणते, मी जन्मभर शेजारीच उभा राहिलोय.

शेजारच्या घरात पूर्वी दादा राहायचे. नात्याचे कोणी नव्हेत, पण वयाने मोठे म्हणून दादा, आणि त्यांची बायको म्हणून वहिनी. दादा छापखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पावाची ने-आण करणारी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि तिचं घर केलं. मागे पलंग, पलंगाखाली कप्पे, एक शेगडी, एवढंसं बेसिन, खिडक्यांना वहिनींनी शिवलेले पडदे. गाडी उभी असायची ती आमच्या दोन फाटकांच्या मध्ये. आत्ता तुमची उभी आहे ना, तिथेच.

तर या दादांना नळीने डिझेल ओढायची भारी हौस. कॅनमध्ये नळी, दुसरं टोक तोंडात, गाल आत, आणि डिझेल आलं की थू करून नळी टाकीत. वहिनी मधल्या भिंतीवर पाण्याचा ग्लास ठेवून दारातून ओरडायच्या, "आधी चूळ भरा! त्या घाणेरड्या तोंडाने माझ्याशी बोलायचं नाही!" मग दादा गाल फुगवून, खळखळ आवाज करत, मुद्दाम चारचारदा चुळा भरायचे. आणि भिंतीच्या माझ्या बाजूला थुंकायचे. मी काही बोललो नाही कधी. मोठा माणूस.

एकदा ते एकटेच गाडी घेऊन गेले आणि वाटेत डिझेल संपलं. कॅन होता, नळी होती. त्या दिवशी ते पोटात गेलं असतं तरी एकवेळ चाललं असतं. गेलं फुफ्फुसात.

चार दिवस इस्पितळात होते. मी रोज जायचो. नाकात नळ्या, तोंडाने काही द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. बोलता येत नव्हतं, पण सारखे गाल फुगवून दाखवायचे. इकडचा गाल, तिकडचा गाल. वहिनी म्हणाल्या, "चूळ मागतायत हो." नर्स म्हणाली, "आजी, एक थेंबसुद्धा नाही. पुन्हा छातीत जाईल." ओला कापूस फिरवायची बिचारी, पण कापसाने काय होतंय? जिभेवर काळपट थर साचला होता, आणि वास असा की मी खुर्ची मागे घेऊन बसायचो. लाज वाटते सांगायला. चौथ्या दिवशी गेले. तोंड तसंच.

गाडी ओढून आणली ती चौदा महिने जागची हलली नाही.

मग वहिनींच्या लेकीचे दिवस भरत आले. तिचं घर एका खोलीचं, त्यात सासू-सासरे. आईला झोपायला जागा कुठली? वहिनींनी ठरवलं, गाडी न्यायची, लेकीच्या दारात लावायची. दिवसा लेकीजवळ, रात्री आपल्या पलंगावर, कुणाच्या पायात पायात नको. लेकीचा रक्तदाब वाढला होता, डॉक्टर म्हणाले कधीही होईल. ती रोज फोनवर एकच विचारायची, "आई, तू असशील ना?" रविवारी सकाळी सहाला निघायचं. गाडी वहिनींचा भाऊ चालवणार.

आणि गाडी चालेना. म्हणजे सुरू व्हायची, एका हाकेत. पण अकरा मिनिटांनी बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा अकरा मिनिटं. भावाने तीनदा कोपऱ्यापर्यंत नेली आणि तीनदा आम्ही सगळ्यांनी ढकलत आणली. शेवटी चाख्याला बोलावलं.

चाख्या हे नाव का, सांगतो. तो डिझेल चाखून रोग ओळखायचा. बोट बुडवायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे. "रॉकेल मिसळलंय." "तळाला पाणी आहे." आणि बरोबर निघायचं! मग थुंकायचा आणि त्याच तोंडाने आमच्याकडचा चहा प्यायचा. काकू त्याचा कप दोनदा घासायची.

दोन वर्षांपूर्वीची नोव्हेंबरची सोळा तारीख. शनिवार. मिस्त्री आला तेव्हा आमच्या घड्याळात संध्याकाळचे सव्वासहा झाले होते.

आधी त्याने फिल्टर उघडला. आतून काय निघालं म्हणता? काळा शेंबूड. दुसरा शब्द नाही. लोंबत होता. मिस्त्रीने तो चिमटीत धरून मळला.

"डिझेल पडून राहिलं की त्यात बारीक जंतू धरतात. त्यांची साय आहे ही, भाऊ."

"खाली टाका की ती," मी म्हटलं. मला जेवायचं होतं अजून.

नवा फिल्टर घातला. हातपंप मारून नळीतली हवा काढली. गाडी सुरू झाली. मी घड्याळ धरून उभा. अकराव्या मिनिटाला ती खोकली. इंजिन अडखळतं तशी नव्हे रे, घशात काही गेल्यासारखी. आणि बंद.

मग मिस्त्रीने चव घेतली. डोळे मिटले. लवकर उघडले नाहीत.

"पाणी?" मी विचारलं.

"नाही."

"रॉकेल?"

"नाही. डिझेल चांगलं आहे. पण…" त्याने बाहीला जीभ पुसली. दोनदा. त्याला मी कधी जीभ पुसताना पाहिलं नव्हतं. "सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी कशी चव असते? तशी आहे. आणि भाऊ, ती माझ्या तोंडाची नाही."

मी टाकीपासून दोन पावलं मागे सरलो.

पण माणूस कामाचा पक्का. त्याने टाकीची नळी पंपावरून काढली आणि स्वच्छ डिझेलचा कॅन थेट पंपाला जोडला. गाडी चाळीस मिनिटं गात होती. "इंजिन बरं, पंप बरा. दुखणं टाकीत आहे," तो म्हणाला. "आत काहीतरी तरंगतंय. इंजिन ओढायला लागलं की ते येऊन पाईपच्या तोंडावर बसतं. बंद झालं की सुटतं."

"मग कॅनवरच नेऊ की," वहिनींचा भाऊ म्हणाला.

"आणि वळणावर कॅन कलंडला तर? गरम इंजिनावर? टाकी उतरवून धुवायला पाहिजे. बोल्ट गंजलेत. दोन दिवस द्या."

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझी लेक थांबेल हो दोन दिवस. बाळ थांबेल का?"

मिस्त्री वहिनींच्या भावाला म्हणाला, "तुम्ही जाऊन झोपा, सकाळी गाडी चालवायची आहे." मग त्याने आपली पारदर्शक नळी काढली. "फुंकून बघतो. अडकलेलं मागे जाईल."

नऊला दहा कमी होते. पंपाकडून येणाऱ्या पाईपला नळी लावून तो गाडीखाली उताणा शिरला. मी टाकीचं झाकण उघडून कान लावला. वास… तोच. इस्पितळातला.

"बुडबुडलं की हो म्हणा," खालून आवाज आला.

बुडबुड.

"हो."

बुडबुड.

"हो."

मग काही नाही.

"मिस्त्री, फुंका की."

काही नाही.

मी वाकलो. टॉर्च मारला. तो उताणा पडलेला, डोळे उघडे. नळी तोंडात. गाल आत गेलेले. एवढे आत, की दातांचा आकार दिसत होता.

तो फुंकत नव्हता. टाकी ओढत होती.

"मिस्त्री…"

डोळे माझ्याकडे वळले. फक्त डोळे.

मग नळीतून काळं आलं. हळूहळू. त्याच्या तोंडाकडे. गाल भरले. फुगले. आणि हलायला लागले.

इकडचा गाल. तिकडचा गाल.

खळ… खळ… खळ…

मी तो आवाज सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता.

नळी हिसकली मी. सुटेना. पाय टेकवून ओढली तेव्हा सुटली. मिस्त्री कुशीवर वळला आणि ओकला. काळं, चिकट, धाग्याधाग्यांचं. माझ्या पायावर उडालं. संपेचना.

"मी नव्हतो," तो म्हणाला. "गाल मी नव्हतो हलवत."

आणि थोड्या वेळाने, "गरम होतं, भाऊ."

मी मागे पाहिलं. वहिनी उभ्या होत्या. केव्हापासून, माहीत नाही. गाल मात्र त्यांनी पाहिले होते.

त्या वळल्या. आत गेल्या. पाण्याने भरलेला ग्लास आणला. भिंतीवर ठेवला. नेहमीच्या जागी.

"घ्या," म्हणाल्या. "भरा चूळ."

मिस्त्री तर केव्हाच आमच्या नळावर गेला होता, तोंडात साबण कोंबत. त्या गाडीकडे बघून बोलल्या होत्या.

त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. पाईप पंपाला जोडला तो मी. जन्मात पहिल्यांदा. तो फाटकाबाहेरून सांगत होता, "उजवीकडे पिळा, उजवीकडे," आणि मध्ये मध्ये थुंकत होता. साडेनऊला तो गेला. मी खिडकीत बसलो. एकपर्यंत ग्लास दिसत होता, भरलेला. मग माझा डोळा लागला.

साडेपाचला उठून पाहिलं. ग्लास रिकामा. मांजर प्यालं असेल, म्हणाल. मीही म्हटलं. पण भिंतीच्या या बाजूला, आमच्या फाटकाशी, पाण्यात कालवलेलं काळं थारोळं पडलं होतं. एका जागी नाही. चार चुळांचं असतं तसं.

वहिनी त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "भाऊजींच्या दारात थुंकायची खोड काही गेली नाही." आणि गाडीत बसल्या.

भावाने गाडी फाटकातच सुरू ठेवली. मी घड्याळ धरलं. दहा. अकरा. बारा. विसाव्या मिनिटाला वहिनींनी मला हात केला आणि ते निघाले. वाटेत एकदाही बंद पडली नाही. मंगळवारी नात झाली. आई खोलीच्या दाराशीच होती. आता वहिनी तिकडेच असतात.

चाख्याने चाखणं सोडलं. काचेच्या बाटलीत डिझेल धरून उजेडात बघतो. पण चहा पिताना कधी कधी मध्येच थांबतो, ओठ घट्ट मिटून घेतो, आणि दोन्ही हातांनी गाल धरून बसतो.

तो डाग? भुसा टाकला. कपड्यांच्या पावडरीने घासला. ॲसिड ओतलं. वर सिमेंटचा थर दिला, त्यातून वर आला. दोन उन्हाळे गेले, वाळला नाही. वासाची सवय झालीय म्हणतो मी, पण होत नाही सवय. तुम्ही गाडी लावलीत ना, मागचं चाक बरोब्बर त्याच्यावर आहे. आणि मगाशी तू उतरून त्यातच पाय दिलास. म्हणून चपलांबद्दल बोललो. तो बघ, फरशीवर काळा ठसा.

अरे, हात नको ला…

…

कोमट आहे ना?