फ्युजन झालं नाही

अंबरनाथच्या त्या कारखान्यात हर्षदाचा पहिलाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी तिने बोलणी खाल्ली. स्टीलचं चकचकीत कडं दिसलं म्हणून तिने सहज त्यावरून बोट फिरवलं होतं.

"मॅडम, हात नका लावू हो... बोटाचं तेल राहिलं तर व्हॅक्यूम धरत नाय."

बोलणारा रूपेश. कंत्राटी वेल्डर, बारवी धरणाजवळच्या पाड्यावरचा. त्याने पांढऱ्या फडक्याने ती जागा हळुवार पुसली, आणि जोड तपासायला नेमलेली इन्स्पेक्टर हर्षदा कानापर्यंत लाल झाली.

ते कडं फ्युजनवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या यंत्रासाठी होतं. रूपेशला वाटायचं, तिथे वेल्डिंगच शिकवत असतील. वेल्डरच्या भाषेत दोन पत्रे वितळून एकजीव झाले की फ्युजन झालं. "ते तर आम्ही रोजच करतो," असं तो म्हणाला तेव्हा हर्षदाला हसू आवरेना.

मग रोज डबा खाताना ती त्याला थोडं थोडं सांगू लागली. हायड्रोजनची दोन केंद्रकं, दोघांवर सारखाच विद्युतभार, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात. पण दहा कोटी अंशांच्या वर तापवली की इतक्या वेगाने धावतात की भिडतातच, आणि मग जी ओढ धरते ती सुटत नाही. त्यातून हेलियम बनतो. वजन किंचित कमी भरतं, आणि त्या घटलेल्या वजनाचीच ऊर्जा होते. सूर्य त्यावरच चालतो. एवढं तापलेलं काही कुठल्या भांड्याला सोसणार? म्हणून चुंबकाच्या जोरावर ते पोकळीत अधांतरी धरायचं.

"आणि वीज कधी?"

"इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळेल, धूर नाही. पण वेळ लागेल... तोवर आपले केस पिकतील."

"आपले?" रूपेशने विचारलं. हर्षदा डब्याचं झाकण लावत बसली.

रूपेश कायम होणार की नाही, ते एका शेवटच्या जोडावर ठरायचं होतं. कायम झालो की एक विचारायचंय, असं तो म्हणाला होता. काय विचारायचंय, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीत कड्यातली हवा काढून बाहेरून हेलियम फवारतात. फट असली की तो आत शिरतो आणि गळती शोधणारं यंत्र वाजतं.

यंत्र वाजलं. तिने पुन्हा फवारलं... पुन्हा वाजलं. वरून जोड देखणा होता. आत पत्रे नुसते एकमेकांना टेकले होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. हर्षदाचा पेन कागदावर अडून राहिला, आणि तिला रडू यायला लागलं.

"लिहा मॅडम," रूपेश शांतपणे म्हणाला. "आतल्या बाजूला घाई केली मी."

तिने लिहिलं – लॅक ऑफ फ्युजन. खाली सही केली. त्याच आठवड्यात रूपेशचं कंत्राट संपलं.

पंधरा दिवसांनी दुपारी तो गेटबाहेर उभा दिसला. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, खिडक्यांच्या जाळ्या जोडायचं काम मिळालं होतं.

"कायम तर नाय झालो... तरी विचारू?"

ती गेट ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही तो जोड पास केला असता, तर विचारलंच नसतं. तुमच्याकडे बघताना जन्मभर लाज वाटली असती."

हर्षदाने डोळे पुसले. "रविवारी शिरगावला घरी या. आईला भेटायला."

"काय सांगाल त्यांना? जाळ्या जोडतो म्हणून?"

"सांगेन," ती म्हणाली, "चुकला तर स्वतःहून सांगतो."